तळ्याकाठचा विसावा

शास्त्रभाग : मार्क ६:३०–५१, १ राजे १९:१–१३, योहान ६:१–१३
पाठांतरासाठी वचन : मार्क ६:३१



हैदराबादेत वाढलेली आपली मुले मुसी नदी ओळखतात ती नाकाला रुमाल लावून ओलांडायची नदी म्हणून. एका रविवारी शब्बाथशाळेत मी विचारले, "मुसी कोठून येते?" पुष्कळ वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगा म्हणाला, "सर, मोठ्या नाल्यातून." वर्ग हसला, मीही हसलो. परंतु घरी जाताना ते उत्तर मनातून जाईना. ज्या नदीच्या काठी हे शहर वसले, तिचे पाणी कोठेतरी स्वच्छ असते हे या मुलांनी कधी पाहिले नव्हते. आणि खरे सांगायचे तर मीही पाहिले नव्हते.

मुसीचा उगम विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात आहे. हैदराबादेपासून पश्चिमेस सुमारे ७५ कि. मी. लातूर, उदगीर, बिदर या बाजूने हैदराबादेस येणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी विकाराबाद जंक्शन गाडीच्या खिडकीतून पाहिलेले असते. १९५६ पर्यंत मराठवाडा व हैदराबाद एकाच राज्यात होते, त्यामुळे हा रस्ता आपल्या लोकांच्या पायाखालचा. पण स्टेशनापलीकडच्या डोंगरात जाण्याचे कारण आपल्याला सहसा पडत नाही.

या डोंगराची एक गंमत आहे. त्याच्या एका अंगाचे पाणी मुसीतून पूर्वेस हैदराबादेकडे वाहते. दुसऱ्या अंगाचे पाणी कागना नदीतून पश्चिमेस तांडूरकडे जाते व पुढे भीमेला मिळते. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावून पंढरपुरावरून आलेली तीच आपली भीमा. शेवटी मुसी व भीमा या दोघीही महाबळेश्वराहून निघालेल्या कृष्णेतच मिळतात. याच डोंगराच्या राखीव वनात, कागनेला मिळणाऱ्या कोटपल्लीच्या ओढ्यावर बांध घालून केलेले एक शांत तळे आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या शब्बाथशाळेचे तीन दिवसांचे शिबिर त्या तळ्याच्या परिसरात घेतले. त्या शिबिरात मुले काय शिकली हे मुलांनाच ठाऊक. मी जे शिकलो, आणि त्या प्रकाशात मार्काचा सहावा अध्याय मला जसा नव्याने उमजला, ते या पाठात मांडत आहे.

तळे म्हणजे अडवलेले पाणी

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. आपल्या दख्खनच्या पठारावरची बहुतेक तळी आपोआप झालेली नाहीत. येथे पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन वाट पाहते. म्हणून कोणीतरी ओढ्याला बांध घातला, तेव्हा तळे झाले. वरंगळकडे जंगलातल्या टेकड्यांत असलेले पाखालचे विस्तीर्ण तळे तेराव्या शतकात काकतीय राजा गणपतिदेव याच्या काळात बांधले गेले.

पाणी अडवले नाही तर काय होते हे हैदराबादने २८ सप्टेंबर १९०८ रोजी पाहिले. त्या दिवशी मुसीला असा पूर आला की हजारो माणसे प्राणास मुकली. अफझलगंज येथील इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे तेवढी वाचली, असे सांगतात. ते झाड पुढे उस्मानिया इस्पितळाच्या आवारात जपले गेले. त्या पुरानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावण्यात आले, आणि त्यांच्या सल्ल्यानुसार शहराच्या वरच्या अंगाला दोन जलाशय झाले : मुसीवर उस्मानसागर (१९२०) व तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर हिमायतसागर (१९२७). ज्या पाण्याने शहर बुडवले, तेच पाणी अडवल्यावर अनेक वर्षे शहराची तहान भागवीत राहिले. उस्मानसागरालाच लोक गंडीपेट म्हणतात, आणि गंडीपेटचे पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही असे जुने लोक म्हणत.

बंधुभगिनींनो, आपले दिवसही पुराच्या पाण्यासारखे धावतात. कामावर जाणे, मुलांच्या शाळा, सभा, वर्गण्या, मंडळीच्या बैठका. चांगली कामेसुद्धा अडवली नाहीत तर माणसाला वाहून नेतात. विसावा आपोआप मिळत नाही; त्याला बांध घालावा लागतो. आणि बांध घातलेले पाणी साठवून ठेवण्यासाठी नसते; खालच्या शेतांना सोडण्यासाठी असते. या दोन गोष्टी मनात ठेवून आता शास्त्रभागाकडे वळू.

१. थकलेल्यांना प्रभू बोलावतो (मार्क ६:३०–३२)

प्रभूने बारा जणांना दोघेदोघे करून पाठवले होते. ते परत आले आणि त्यांनी आपण काय केले, काय शिकवले ते सर्व सांगितले. त्याच सुमारास बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा हेरोदाने वध केल्याची बातमी आली होती. म्हणजे शिष्यांच्या मनात एकीकडे यशाचा आनंद होता आणि दुसरीकडे मरणाचे सावट. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी गर्दी होती की त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती.

अशा वेळी प्रभूने काय केले? त्यांचा अहवाल ऐकून त्याने पुढच्या गावांची यादी काढली नाही. त्याने त्यांना एकांत स्थळी येऊन थोडी विश्रांती घ्यायला सांगितले. ही शिष्यांची मागणी नव्हती, प्रभूची आज्ञा होती. आपल्यापैकी पुष्कळांना विश्रांती म्हणजे आळसाची सख्खी बहीण वाटते. पाळकांना, बायबल वुमन भगिनींना, शब्बाथशाळेच्या शिक्षकांना तर ती पापासारखी वाटते. परंतु येथे विसाव्याचा शब्द प्रभूच्याच मुखातून निघाला आहे.

डॉ. ई. स्टॅन्ले जोन्स हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. १९०७ साली ते हिंदुस्थानात आले. पहिल्या काही वर्षांतच अतिश्रमाने त्यांची प्रकृती वारंवार ढासळली, आणि आता आपली सेवा संपली अशा टोकाला ते पोहोचले. लखनौ येथे प्रार्थनेत असताना त्यांना पुन्हा बळ मिळाले, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. याच जोन्ससाहेबांनी पुढे १९३० साली कुमाऊंच्या डोंगरात, ओक व चीड वृक्षांच्या वनातल्या सात ताल या तळ्याकाठी ख्रिस्ती आश्रम सुरू केला. मोडून पडलेल्या माणसालाच विसाव्याची किंमत कळते, आणि मग तो दुसऱ्यांसाठी बांध घालतो.

२. झोपलेल्याला उठवू नका (१ राजे १९:१–८)

येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे.

आम्ही बावीस मुले व चार शिक्षक गेलो होतो. वनाच्या बाहेर, एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या बांधालगत तंबू लावले होते. वेळापत्रक मी तयार केले होते आणि त्याचा मला अभिमान होता. पहाटे साडेपाचला उठणे, सहाला प्रार्थना, मग कवायत, शास्त्राभ्यास, पाठांतर, गाणी, स्पर्धा, पुन्हा शास्त्राभ्यास, रात्री दहाला दिवे बंद. वेळापत्रकात तळ्याकडे पाहण्यासाठी एक मिनिटही ठेवलेले नव्हते, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

एक तेरा वर्षांचा मुलगा पहिल्या दिवसापासून प्रत्येक अभ्यासात पेंगत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मोहाच्या झाडाखाली गाढ झोपलेला सापडला. मी त्याला हलवून उठवले आणि सर्वांसमोर बोललो : "झोपायलाच यायचे होते तर घरी काय वाईट होते?" तो काही बोलला नाही. तोंड धुऊन आला आणि मागच्या ओळीत बसला.

संध्याकाळी आमच्याबरोबरच्या एका शिक्षिकाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले. त्याचे वडील वारल्याला वर्ष झाले होते. आई डबे करून देते. मुलगा रोज पहाटे साडेतीनला उठून तिच्याबरोबर पोळ्या लाटतो, सायकलीवरून डबे पोहोचवतो आणि मग शाळेला जातो. शिबिरात पाठवताना आई बाईंना म्हणाली होती, "त्याला जरा झोप मिळेल." एवढीच त्या माउलीची शिबिराकडून अपेक्षा होती, आणि तेवढीच मी हिरावून घेतली.

त्या रात्री मी एलीयाचा अध्याय उघडला. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवणारा हा संदेष्टा ईजबेलीच्या धमकीने पळाला, आणि रानात एका झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले. मग स्पर्श करून उठवले तो भाकर व पाणी देण्यासाठी. खाऊन तो पुन्हा झोपला. देवदूताने त्यालाही हरकत घेतली नाही. दुसऱ्यांदा उठवले तेही खाण्यासाठीच, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. झोप, भाकर, झोप, भाकर. हे सर्व झाल्यावर होरेब डोंगर, आणि तेथे वारा, भूकंप व अग्नी यांच्यामागून आलेला तो हळुवार आवाज. तो ऐकण्याइतका एलीया आधी सावरला होता. देवाने अगोदर त्याच्या शरीराची काळजी घेतली.

अनंतगिरीवर पूर्वी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले गेले ते उगाच नव्हे. क्षयावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली सापडले. त्यापूर्वी मोकळी हवा, सकस अन्न आणि संपूर्ण विश्रांती हेच डॉक्टरांचे मुख्य उपचार होते. मदनपल्लीजवळ १९१२ साली निरनिराळ्या मिशनांनी मिळून सुरू केलेल्या आरोग्यवरम येथेही याच उपचारांवर भर होता. विसावा हे औषध आहे हे आपल्या मिशन डॉक्टरांनी ओळखले होते. आम्ही शिक्षक मात्र विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलाची सर्वांसमोर क्षमा मागितली. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच मागायला हवी होती. मग वेळापत्रकाचा कागद घडी करून खिशात ठेवला, आणि जेवणानंतरचे दोन तास मोकळे सोडले. त्या दोन तासांत बहुतेक मुले झोपली. काही तळ्याच्या काठी झाडाच्या सावलीत बसून पाण्यात डुबी मारणारे पाणकावळे मोजीत राहिली.

३. काठावर आधीच उभे असलेले (मार्क ६:३३–३७)

गालीलचा समुद्र हे खरोखर गोड्या पाण्याचे तळे आहे. लांबी सुमारे २१ कि. मी., रुंदी जास्तीत जास्त १३ कि. मी., भोवती डोंगर, आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून सुमारे २१० मीटर खाली. एवढ्या तळ्याच्या काठाने चालणाऱ्याला नाव कोठे चालली आहे ते दिसते. म्हणूनच लोक पायी धावत गेले व नावेच्या आधी पोहोचले. शिष्य एकांतासाठी उतरले, तर समोर हजारोंचा जमाव उभा!

प्रभूला त्यांचा कळवळा आला; मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते त्याला दिसले. शिष्यांना मात्र ते अडथळा वाटले. संध्याकाळ होताच त्यांनी सुचवले की यांना निरोप द्यावा, म्हणजे ते आसपासच्या वस्त्यांत जाऊन काही विकत घेतील. सूचना व्यवहाराला धरून होती. पण तिच्यामागे "हे एकदाचे जावेत" हीच भावना होती, हे आपल्यापैकी ज्याने कधी शिबिर चालवले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

आमच्या शिबिरातही असेच घडले. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या मुलांना गुडघाभर पाण्यात उतरू द्यायचे ठरले होते. जागा मीच पाहून ठेवली होती. पाणी संथ, तळ मऊ. तेवढ्यात जाळे खांद्यावर टाकलेला एक वयस्क कोळी काठाकाठाने आला आणि आमच्याकडे हात करून तेलुगूत काही बोलू लागला. मी लातूरकडचा, इतकी वर्षे राहूनही माझे तेलुगू बाजारापुरते. त्याला मासे विकायचे आहेत असे मला वाटले. मी हिंदीत सांगितले, "नको बाबा, आम्हांला नको." तो जाईना. उलट मुलांच्या आणि पाण्याच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि एकच शब्द पुनःपुन्हा म्हणू लागला, "लोतु, लोतु." मला राग आला. इतक्यात एक लहान मुलगी म्हणाली, "सर, खोल आहे म्हणतोय तो."

मग त्याने लांब काठी घेऊन दाखवले. काठापासून सहा-सात पावलांवर पाणी एकदम खाली जात होते. तेथे बुडालेल्या जुन्या ओढ्याचे पात्र होते, आणि वर दिसणारा मऊ तळ म्हणजे नुसता गाळ. बांधाच्या तळ्याची हीच रीत असते : वरून सपाट दिसते, पण खाली पूर्वीचे ओढे, विहिरी, खड्डे तसेच असतात. मी त्याला परत पाठवत होतो, आणि प्रभूने त्याला आमच्याकडे पाठवले होते.

त्या दिवशी कोणी पाण्यात उतरले नाही. कोळीबाबा आमच्याबरोबर भात-वरण जेवला आणि मुलांना जाळे कसे विणतात ते त्याने दाखवले. आमच्या साऱ्या गाण्यांपेक्षा मुलांना तोच तास अधिक आठवतो.

बंधुभगिनींनो, आपण एकांतात जातो तेव्हा तेथे कोणी राहत नाही असे समजून जातो. परंतु ज्याला आपण निर्जन म्हणतो, ते कोणाचे तरी रोजचे अंगण असते. तेथे वनरक्षक असतो, गुराखी असतात, शेजारच्या तांड्यावरच्या सरपण नेणाऱ्या बाया असतात. त्यांना दूर सारून मिळवलेली शांती ही प्रभूची शांती नव्हे. शास्त्रभागातील जमाव भुकेला होता, त्याला शिष्यांनी वाढले. आमच्याकडे आलेला एकटा माणूस मात्र आम्हांलाच देण्यासाठी आला होता. कोण देणार आणि कोण घेणार हे आपण आधीच ठरवून जाऊ नये.

४. पंगती आणि टोपल्या (मार्क ६:३८–४४, योहान ६:१२–१३)

प्रभूने लोकांना हिरव्या गवतावर बसवले. योहान सांगतो की वल्हांडण सण जवळ आला होता, म्हणजे तो वसंताचा काळ. त्या देशात हिवाळी पावसानंतर थोडेच आठवडे डोंगर हिरवे असतात. उन्हाळ्यात सर्व वाळून जाते. आपल्याकडे तशी हिरवळ पावसाळ्यानंतर मिळते. देवाने त्या थोड्या दिवसांचे गवत लोकांसाठी आसन म्हणून वापरले.

बसवले तेही शंभर-शंभर व पन्नास-पन्नासांच्या पंगतींनी. पाच भाकरी व दोन मासे हातात असताना प्रभूने आधी शिस्त लावली. शिस्त आणि विसावा यांचे वैर नाही. पंगत नीट असेल तरच शेवटच्या म्हाताऱ्या माणसापर्यंत भाकर पोहोचते. नाही तर दांडगे लोक पुढे येऊन खाऊन जातात.

आणि जेवणानंतर? योहान लिहितो की काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करण्यास प्रभूने सांगितले. ज्याने नुकतेच पाच हजार पुरुषांना जेवू घातले, त्याला तुकड्यांची काय वाण? तरी त्याने ते गवतावर पडू दिले नाहीत. बारा टोपल्या भरल्या. आपण मात्र तळ्याकाठी सहलीला जातो आणि पिशव्या, पत्रावळी, बाटल्या तेथेच टाकून येतो. अनंतगिरीहून निघालेली मुसी शहरात येईपर्यंत तशी होते, त्याला आपणही थोडे जबाबदार नाही का? ज्याचा हात डोंगरावर तुकडे उचलायला शिकला, तो पुलावरून पिशवी फेकणार नाही.

सात तालच्या आश्रमात आठवड्यातून एक दिवस नोकरांना व झाडूवाल्यालाही सुट्टी असे, आणि त्यांचे काम आश्रमवासी स्वतः करीत. ज्या देशात झाडू कोणाच्या हाती असावा हे जन्मावरून ठरवले जाई, तेथे ही मोठी साक्ष होती. शिबिरात टोपली कोणाच्या हाती देता, हे मुले फार बारकाईने पाहतात. ती नेहमी त्याच दोघा-तिघांच्या हाती जात असेल, तर आपला त्या दिवसाचा पाठ फुकट गेला असे समजावे.

५. डोंगरावरून दिसलेली नाव (मार्क ६:४५–५१)

लोक जेवल्यावर प्रभूने शिष्यांना नावेत बसवून पुढे पाठवले, जमावाला निरोप दिला आणि तो एकटा प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. सकाळी शिष्यांसाठी शोधलेला एकांत त्याला स्वतःला रात्री मिळाला. तो त्याने सोडून दिला नाही, हे ध्यानात घ्या. दिवसभर अडथळे आले म्हणून आजची प्रार्थना राहिली, असे त्याने म्हटले नाही.

पण याहून मोठी गोष्ट पुढच्या वचनात आहे. डोंगरावरच्या प्रभूने पाहिले की वारा समोरचा आहे आणि शिष्य वल्ही मारून हैराण झाले आहेत. आणि रात्रीच्या चौथ्या प्रहरी, म्हणजे पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान, तो त्यांच्याकडे आला. पित्याकडे वर पाहताना त्याची दृष्टी खालच्या नावेवरून ढळली नव्हती.

हीच खऱ्या विसाव्याची कसोटी आहे. ज्या एकांतातून माणूस घरच्यांविषयी अधिक आंधळा होऊन परततो, तो एकांत नव्हे, पलायन होय. ज्या एकांतातून उतरल्यावर त्याला दुसऱ्याची वल्ही दिसू लागतात, तो प्रभूचा एकांत. त्या शिबिरापूर्वी तो मुलगा दोन वर्षे माझ्या वर्गात होता. मी त्याची हजेरी घेत होतो, पण तो पहाटे साडेतीनला वल्ही मारतो हे मला दिसले नव्हते. परत आल्यावर मंडळीच्या तरुण संघातील दोघांनी डबे पोहोचवण्याचे काम आलटून-पालटून अंगावर घेतले. फार मोठे काम नव्हे. पण तळ्यातून शेतात सोडलेले पाणी ते हेच.

शिक्षकांसाठी काही सूचना

१. पावसाळ्यानंतर, नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडावा. उन्हाळ्यात वन कोरडे असते व वणव्याचा धोका असतो.

२. राखीव वनात जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. तेथे विस्तव पेटवणे हा कायद्याने गुन्हा आहे. स्वयंपाक वनाबाहेर करावा. शेकोटीवाचूनही गाणी म्हणता येतात.

३. बांधाच्या तळ्यात मुलांना उतरू देऊ नये. पाणी कितीही संथ दिसो, स्थानिक माणसाला विचारल्यावाचून काठाजवळही खेळ ठेवू नयेत.

४. प्रभूने शिष्यांना दोघेदोघे पाठवले, तशा मुलांच्या जोड्या लावाव्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची खबर ठेवावी. दर दोन तासांनी मोजणी करावी.

५. पालकांची लेखी संमती, मुलांच्या आजारांची माहिती, जवळच्या इस्पितळाचा रस्ता व तयार वाहन यांची व्यवस्था आधी करावी. रात्री बॅटरीवाचून कोणी तंबूबाहेर पडू नये. सर्पदंश झाल्यास मंत्रतंत्र वा चिरा देणे यांत वेळ न घालवता, अंग हलू न देता, तडक इस्पितळ गाठावे.

६. वेळापत्रकात रोज दोन तास मोकळे ठेवावे, आणि एक तास संपूर्ण मौनाचा असावा. त्या तासात शिक्षकांनीही बोलू नये. हे सर्वांत कठीण आहे.

७. प्रत्येक मुलाच्या घरी शिबिरापूर्वी एकदा जाऊन यावे. मी गेलो असतो, तर या पाठातील दुसरा भाग लिहावा लागला नसता.

चर्चेसाठी प्रश्न

१. शिष्य परत आल्यावर प्रभूने त्यांना आणखी काम न देता विश्रांतीस का बोलावले असावे? तुमच्या मंडळीत कोणाला असे बोलावण्याची गरज आहे?

२. देवदूताने एलीयाला दोनदा झोपू दिले. आपल्या घरात कोणाची झोप आपल्यामुळे मोडते?

३. शिष्यांनी जमावाला निरोप देण्याचे सुचवले, प्रभूने वाढण्यास सांगितले. तुमच्या आयुष्यात अडथळा म्हणून आलेला कोणी माणूस पुढे आशीर्वाद ठरला का?

४. बारा टोपल्या भरून तुकडे उचलण्यातून मुलांना कोणती सवय शिकवता येईल? या आठवड्यात ती कोठे लावाल?

५. डोंगरावर प्रार्थना करताना प्रभूला नाव दिसली. प्रार्थनेत असताना तुम्हांला कोणाची नाव दिसते?

प्रार्थना

हे प्रभो, धावत्या दिवसांना बांध घालण्याचे धैर्य आम्हांला दे. आम्ही थकलो असता आम्हांला झोप व भाकर दे, आणि दुसरा थकला असता त्याला उठवण्याची घाई आम्ही करू नये असे कर. ज्यांना आम्ही परत पाठवू पाहतो, त्यांच्यात तू पाठवलेला माणूस ओळखण्यास आमचे डोळे उघड. तुझ्याजवळ घालवलेल्या घटकेतून आम्हांला इतरांची वल्ही दिसू दे, आणि त्यांच्याकडे चालत जाण्यास पाय दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.